केबल काढायची म्हणता?

"केबल काढून टाकू का?" असं हल्ली बरेच जण विचारतात. काढा, पण आधी घरात नेमकं काय पाहिलं जातं, ते आठवडाभर टिपून ठेवा. आईची रोजची मालिका एखाद्या ॲपवर मिळते की नाही, हे कळल्याशिवाय कनेक्शन तोडू नका.

बातम्या, जुने चित्रपट आणि सह्याद्री वाहिनी एवढंच हवं असेल, तर डीडी फ्री डिश पुरते. २००४ साली सुरू झालेल्या या सेवेला महिन्याचं भाडं नाही. छत्री आणि सेट-टॉप बॉक्सचा खर्च एकदाच. छत्रीचं तोंड आपल्याकडे आग्नेयेला ठेवायचं, कारण या वाहिन्या पाठवणारा जीसॅट-१५ हा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला आहे. गच्चीवर एकानं छत्री बोटभर सरकवायची आणि खालून दुसऱ्यानं "आलं, आलं!" म्हणून ओरडायचं. मगच नट घट्ट आवळा. समोर नारळाची झावळी आली तरी चित्र अडखळतं. धो धो पावसातही तसंच.

ॲपच हवं असेल, तर प्रसार भारतीचं 'वेव्हज' आहे; ते नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात, इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालं. त्याला मात्र इंटरनेट लागतं. वायफाय नसेल, तर दिवसाचा मोबाइल डेटा एका चित्रपटातच संपू शकतो. म्हणून गावाकडच्या आजी-आजोबांच्या घरी मी आधी छत्रीच बसवायला सांगेन.