आरसा आणि संयम



आपल्या जव्हार-मोखाड्याचा बोहाडा तुम्ही पाहिला असेलच. कागदाच्या लगद्याचा मुखवटा चढवला की ओळखीचा गावकरी दिसेनासा होतो. त्याची चाल, त्याचा आवेश देवाचा किंवा राक्षसाचा होतो. चेहरा झाकला की वागणे बदलते. मग स्वतःचाच चेहरा समोर दिसला तर?

अमेरिकेत डीनर व वॉलबॉम या संशोधकांनी १९७६ साली याचा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एकेकटे बसवून चाचणी दिली आणि घंटा वाजताच थांबण्यास सांगितले. आरशासमोर नसलेल्यांपैकी शेकडा ७१ जण घंटेनंतरही लिहीत राहिले. ज्यांच्यासमोर आरसा होता व कानांवर स्वतःचाच ध्वनिमुद्रित आवाज पडत होता, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ७ होते. खोलीत पर्यवेक्षक नव्हता.

मात्र आरसा नीती शिकवत नाही. घंटेनंतर लिहिणे गैर, हे मनात आधीच असते. आरसा त्याची आठवण देतो. मूल साधारण दीड-दोन वर्षांचे झाले की आरशातले आपले तोंड ओळखते. पण त्या तोंडाला काय शोभते, हे त्याला घरीच शिकावे लागते. पालकांनो, ते काम आपले आहे.

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेच्या वर्गात आरसा नसतो. शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेकडे मान वळवण्यापूर्वी, रागाने हात उगारण्यापूर्वी, आपला चेहरा या घटकेला कसा दिसत असेल, एवढे डोळ्यांसमोर आणा. पर्यवेक्षकाचा पहारा तीन तासांचा. आपला चेहरा जन्मभर सोबत असतो.