वाटाड्या यंत्राची स्थापना

सन १९६९ च्या ऑगस्ट महिन्याच्या ३० तारखेस लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत एक करड्या रंगाचें पोलादी कपाट येऊन दाखल झालें. वजन सुमारें ९०० पौंड. आणि तें उचलून नेतां यावें म्हणून माथ्यावर लोखंडी कड्या बसविलेल्या. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील केंब्रिज येथील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीनें तें सिद्ध केलें होतें व त्याच्या पोटांत हनीवेल कंपनीचा ५१६ जातीचा संगणक होता. परंतु या संगणकाकडून हिशेब करून घ्यावयाचे नव्हते. दुसऱ्या संगणकांचे निरोप घ्यावेत, ते कोणाचे आहेत तें पाहावें आणि योग्य वाटेनें पुढें धाडावेत, एवढेंच त्याचें काम. ऑक्टोबरांत मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेंत दुसरें कपाट बसलें, आणि त्या महिन्याच्या २९ तारखेस रात्रीं साडेदहाच्या सुमारास या दोन स्थळांमध्यें पहिला निरोप धाडण्याचा प्रयत्न झाला. ‘लॉगिन’ हा इंग्रजी पांच अक्षरांचा शब्द पाठवावयाचा होता. ‘एल’ पोहोंचला, ‘ओ’ पोहोंचला, आणि पलीकडच्या संगणकानेंच मान टाकली! सुमारें तासाभरानें तो पुन्हां सुरू झाला आणि मग काम निभावलें. वाटाड्या कपाटांनीं आपलें कर्तव्य चोख बजावलें होतें. दोष यजमानाच्या घरचा होता. आज ज्यास राउटर म्हणतात, त्या यंत्रकुलाचा मूळपुरुष तो हा.

त्याचा आजचा वंशज अंगानें फारच रोड झाला आहे. घरोघरीं भिंतीवर दोन-चार शिंगें उभारून बसलेली पेटी हें त्याचें धाकटें रूप. कचेऱ्या, बँका, इस्पितळें, महाविद्यालयें यांच्या तळघरांत किंवा एखाद्या बंद खोलींत उभ्या सांगाड्यावर जो चपटा डबा बसवितात, तें थोरलें रूप. दोघांचें मूळ काम एकच. टपालगाडींत उभा राहून पत्रें वांटणारा सॉर्टर पत्रांतील मजकूर वाचीत नाहीं. पत्ता पाहतो आणि पाकीट त्या त्या खणांत टाकतो. राउटरहि असेंच करतो. संगणकाचा मजकूर लहान लहान पुडक्यांत वांटलेला असतो. प्रत्येक पुडक्यावर जाण्याचा व येण्याचा पत्ता असतो. राउटरजवळ वाटांचें एक कोष्टक असतें, आणि त्यावरून कोणतें पुडकें कोणत्या तारेवर सोडावयाचें हें तो ठरवितो. सॉर्टरचा खण चुकला तर एक पत्र भलतीकडे जाईल. राउटरचें कोष्टक चुकलें तर साऱ्या इमारतीचा जगाशीं संबंध तुटतो. म्हणूनच हा डबा नीट बसविणें ही केवळ मजुरी नव्हे.

प्रथम सांगाड्याचा विचार करावा. यास रॅक म्हणतात, आणि याची रुंदी १९ इंच हें माप टेलिफोनच्या केंद्रांतून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत रूढ झालें. तारा बदलल्या, दिवे बदलले, संगणक कपाटांतून खिशांत आला. परंतु १९ इंच कायम आहेत. उभ्या मापाचा एकक पावणेदोन इंचांचा असून त्यास ‘यू’ म्हणतात. पुऱ्या उंचीचा रॅक बहुधा ४२ यूचा असतो, म्हणजे त्यांतील वापरावयाची उंची साडेत्र्याहत्तर इंच भरते. राउटर लहान असेल तर एकच यू व्यापतो. मोठा असेल तर दोन, चार, कधीं त्याहूनहि अधिक.

रॅकच्या खांबांवर छिद्रांची उभी रांग असते. पाहणाऱ्यास वाटतें कीं हीं छिद्रें सारख्या अंतरावर असावींत. तीं तशीं नाहींत, आणि नवशिक्याची पहिली फजिती येथेंच होते. प्रत्येक यूमध्यें तीन छिद्रें असतात. त्यांच्यांतील अंतर पांच अष्टमांश इंच, पुन्हां पांच अष्टमांश इंच. आणि मग पुढच्या यूच्या पहिल्या छिद्रापर्यंत फक्त अर्धा इंच. जीं दोन छिद्रें एकमेकांस जवळ दिसतात, त्यांच्या मधोमध यूची सीमा समजावी. ही खूण न ओळखतां कोणी एक छिद्र खालीं-वर धरून डबा बसविला, तर कित्येकदां स्क्रू जुळतच नाहींत. आणि जुळले तर तो डबा दोन घरांत पाय ठेवून उभा राहतो. त्याच्या शेजारीं दुसरें यंत्र बसविण्याची वेळ आली म्हणजे सर्व उलगडून पुन्हां बसवावें लागतें.

छिद्रें चौकोनी असतील तर त्यांत आंतल्या बाजूनें पिंजऱ्यांत बसविलेले नट अडकवावे लागतात. त्यांच्या पोलादी कानांना स्प्रिंगचा जोर असतो, आणि नुसत्या बोटांनीं ते दाबूं गेल्यास नखाखालची कातडी सोलून निघते. याकरितां वाकड्या टोकाची एक पट्टी मिळते. ती न मिळाल्यास चपट्या तोंडाचा स्क्रू-ड्रायव्हर चालतो, पण जपून. सर्व नट आधीं बसवून घ्यावेत, मग डबा उचलावा. एकानें डबा तोलून धरावा, दुसऱ्यानें दोन्ही कानांतील खालचे स्क्रू आधीं लावावेत, मग वरचे. आणि चारहि लागल्यावांचून एकहि पुरता आंवळूं नये. एकट्यानें हें करूं जाणारा मनुष्य धाडसी म्हणवेल, शहाणा म्हणवणार नाहीं. जड यंत्रें खालीं, हलकीं वर, हा नियम तर माळ्यावर ट्रंका रचणाऱ्या गृहिणीसहि ठाऊक असतो. खोलीला फार असलेला डबा केवळ पुढच्या दोन कानांवर टांगूं नये. त्यास मागून आधार द्यावा.

डबा बसला म्हणजे वाऱ्याकडे पाहावें. राउटरच्या पोटांत पंखे असतात. कोणी पुढून हवा घेऊन मागें सोडतात, कोणी एका कुशीनें घेऊन दुसऱ्या कुशीनें सोडतात. दोन यंत्रें अशीं समोरासमोर आलीं कीं एकाचा उष्ण निःश्वास दुसऱ्याच्या नाकांत जातो, तर दोघांचेंहि आयुष्य खुंटतें. मोकळ्या राहिलेल्या घरांवर कोऱ्या पट्ट्या लावतात, त्या शोभेसाठीं नव्हेत. गरम हवा मागून वळून पुन्हां पुढें येऊं नये म्हणून.

यानंतर भूमिसंपर्क, म्हणजे अर्थिंग. दुर्दैवानें आपल्याकडे हें काम शेवटीं, आणि पुष्कळदां मुळींच न होणारें. राउटरच्या पाठीवर यासाठीं एक वेगळा स्क्रू दिलेला असतो. तेथून हिरव्या-पिंवळ्या तारेनें रॅकला, आणि रॅकपासून इमारतीच्या भूमिपट्टीला जोड दिली पाहिजे. रॅकवरचा रंग विजेला अडवितो. म्हणून जोडाच्या जागीं तो खरवडून धातु उघडा करावा, किंवा रंग भेदून जाणारा दांतेरी वॉशर घालावा. वैशाख-ज्येष्ठांत वळवाचे ढग गडगडूं लागले म्हणजे या तारेची किंमत कळते. दोन इमारतींच्या मध्यें उघड्यावरून तांब्याची केबल नेली असेल, तर जवळच पडलेल्या विजेचा धक्का त्या वाटेनें आंत येतो आणि एका रात्रींत साऱ्या खोलींतील यंत्रें निकामी करूं शकतो. अशा ठिकाणीं कांचतंतूची केबल घालावी. कांच वीज वाहून नेत नाहीं.

वीज देण्याचीहि एक रीत आहे. महत्त्वाच्या राउटरला दोन वीजपुरवठे असतात. दोन्ही दोऱ्या एकाच पट्टींत खोंचल्या, तर दुसरा घेण्यासाठीं दिलेले पैसे पाण्यांत गेले असें समजावें. एक दोरी एका यूपीएसवर, दुसरी शक्य तर निराळ्या मंडलावर असावी. केबलांबद्दल फार सांगण्यासारखें नाहीं. प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी असावी, आणि कांचतंतूची केबल फार लहान वळणांत मुडपूं नये, इतकें पुरे.

येथवर हातांचें काम झालें. राउटर सुरू झाला, हिरवा दिवा लागला. तरी पण तो अद्याप कोणासहि ओळखत नाहीं. त्याच्याशीं पहिलें संभाषण कन्सोल नांवाच्या पोर्टांतून करावें लागतें. बहुतेक यंत्रांसोबत फिकट निळ्या रंगाची चपटी केबल मिळते; अलीकडच्या यंत्रांत यूएसबीची सोय असते. संगणकावर टर्मिनलचा प्रोग्रॅम उघडून वेग सेकंदास ९६०० बिट, अक्षरास ८ बिट, पॅरिटी नाहीं, एक स्टॉप बिट, असा मेळ जमविला कीं पडद्यावर अक्षरें उमटतात. कांहीं कंपन्यांच्या यंत्रांचा वेग याहून निराळा असतो, आणि तो न जुळल्यास पडद्यावर निव्वळ गचाळ चिन्हांची रांगोळी दिसते. यंत्र बिघडलें म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं.

मग नामकरण. राउटरला नांव द्यावें, आणि तें असें असावें कीं त्यावरून इमारत व मजला कळेल. देवादिकांचीं नांवें ठेवण्याची हौस पहिल्या दोन यंत्रांपर्यंतच बरी वाटते. त्यानंतर परवलीचा शब्द. कारखान्यांतून आलेला शब्द तसाच ठेवणें म्हणजे घराची किल्ली दाराच्याच खिळ्याला अडकविणें होय. सन २०१६ मध्यें ‘मिराई’ नांवाच्या एका दुष्ट प्रोग्रॅमनें नेमकें हेंच पाहिलें. त्याच्याजवळ कारखानी नांवें व परवलीचे शब्द यांच्या साठांहून अधिक जोड्या होत्या. तेवढ्यांच्या बळावर त्यानें लाखों कॅमेरे, घरगुती राउटर आणि तत्सम उपकरणें आपल्या दावणीला बांधलीं. त्या वर्षींच्या २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांच्या झुंडीनें डाइन या कंपनीवर हल्ला चढविला, आणि अमेरिकेच्या मोठ्या भागांत ट्विटर, नेटफ्लिक्स इत्यादि स्थळें कित्येक तास मिळेनाशीं झालीं. उपकरणांच्या मालकांपैकीं बहुतेकांना आपली वस्तु या उपद्व्यापांत सामील आहे याचा पत्ताहि नव्हता.

पुढें प्रत्येक पोर्टास पत्ता द्यावयाचा. आंतल्या बाजूस १९२.१६८ नें आरंभ होणारे किंवा १० नें आरंभ होणारे पत्ते वापरतात. ते खाजगी वापरासाठीं राखून ठेवलेले असून बाहेरच्या जगांत चालत नाहींत. बाहेरच्या पोर्टाला सेवा देणारी कंपनी पत्ता देते. ज्या पुडक्याची वाट कोष्टकांत सांपडत नाहीं, तें कोठें धाडावें याची एक सर्वसाधारण वाटहि लिहावी लागते; ती विसरली तर शेजारच्या खोलीपर्यंत सर्व ठाकठीक, आणि उंबऱ्यापलीकडे अंधार. सिस्कोच्या राउटरांत पोर्टें आरंभीं बंद ठेवलेलीं असतात, तीं आज्ञा देऊन उघडावीं लागतात. केबल पुनःपुन्हां काढघाल करूनहि दिवा लागत नाहीं तेव्हां कारण बहुधा हेंच असतें. घड्याळ लावावें, दुरून यंत्रांत शिरण्याची वाट सांकेतिक लिपींत बोलणाऱ्या एसएसएचनेंच ठेवावी, जुनी उघडी टेलनेटची वाट बंद करावी.

अशी सर्व रचना झाली तरी ती अजून पाटीवरच लिहिलेली असते. सिस्कोच्या पद्धतीच्या राउटरांत दोन प्रती असतात: एक चालू, दुसरी आरंभीची. दिलेली आज्ञा तत्काळ चालू प्रतींत उतरते व लगेच अंमलांत येते. परंतु वीज गेली कीं पाटी पुसली जाते, आणि यंत्र पुन्हां उठतांना वहींतील आरंभीची प्रत वाचतें. पाटीवरचें वहींत उतरवून ठेवण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते. ती न देतां कोणी खोलीला कुलूप लावून गेला तर महिनाभर कांहींच बिघडत नाहीं, आणि मग एका रात्रीं पांच मिनिटें वीज जाते. सकाळीं इस्पितळाच्या नोंदणीखिडकीपाशीं रोग्यांची रांग उभी असते, आणि राउटरला आपलें नांवहि आठवत नाहीं.

याहून बिकट प्रसंग म्हणजे दूर बसून केलेला बदल. ज्या वाटेनें राउटरपर्यंत पोहोंचलों तीच वाट चुकीच्या आज्ञेनें बंद केली, तर चूक दुरुस्त करण्यासहि आंत शिरतां येत नाहीं. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालविण्याचाच प्रकार. सन २०२१ च्या ऑक्टोबर महिन्याच्या ४ तारखेस फेसबुक कंपनीवर हाच प्रसंग गुदरला. नित्याच्या देखभालींत दिलेल्या एका आज्ञेनें तिच्या जगभरच्या केंद्रांना जोडणारें मुख्य जाळें तुटलें. अशा आज्ञेस अडविणारा तपासनीस प्रोग्रॅम होता, पण त्याच्यांतच दोष निघाला. मुख्य जाळें नाहींसें झालेलें पाहून पत्ते सांगणाऱ्या यंत्रांनींहि जगाला आपल्या वाटा कळविणें बंद केलें. भारतांत तेव्हां रात्रीचे नऊ वाजून गेले होते, आणि व्हॉट्सअॅपवर चाललेल्या गप्पा घरोघरीं एकाएकीं थांबल्या. आणीबाणीसाठीं ठेवलेली वेगळी वाटहि चालेना, तेव्हां माणसांना प्रत्यक्ष यंत्रांपाशीं धाडावें लागलें. आणि चोराचिलटांपासून रक्षण व्हावें म्हणून केलेला तेथील बंदोबस्त असा कडेकोट कीं घरच्या माणसांनाच आंत शिरण्यास वेळ लागला. सुमारें सहा तास हा खोळंबा चालला.

लहान कचेरीच्या राउटरलाहि म्हणूनच मागचें दार ठेवतात. कन्सोलला जोडलेलें आणि मुख्य तारेवर अवलंबून नसलेलें. शिवाय एक जुनी, स्वस्त युक्ति आहे. बदल करण्यापूर्वीं राउटरला आज्ञा द्यावी कीं दहा मिनिटांनीं तूं आपोआप पुन्हां सुरू हो. बदल चुकला व वाट तुटली, तर दहा मिनिटें हात जोडून बसावें. यंत्र उठतें, वहींतील जुनी प्रत वाचतें, आणि वाट मोकळी होते. बदल ठीक असेल तर ती आज्ञा रद्द करून नवी प्रत वहींत उतरवावी. जुनिपर कंपनीच्या राउटरांत ही सोय मुळांतच आहे: बदल तात्पुरता म्हणून लागू करतां येतो, आणि दहा मिनिटांत पुन्हां होकार न दिल्यास यंत्र स्वतःच पूर्वस्थितीला जातें.

आणखी एक परीक्षा उरते, आणि तिचा कंटाळा फार जणांना येतो. सर्व कांहीं वहींत उतरवून झाल्यावर, कचेरींत कामाची वेळ नसतांना, एक वीजदोरी उपसावी; राउटर चालूच राहिला पाहिजे. ती पुन्हां लावून दुसरी उपसावी. मग दोन्ही काढाव्यात. पंखे थांबतात, दिवे विझतात, खोलींत एकदम शांतता होते. अर्ध्या मिनिटानें दोऱ्या परत खोंचाव्यात आणि कन्सोलच्या पडद्यासमोर बसावें. पंखे प्रथम मोठ्यानें घोंगावतात, ओळींमागून ओळी सरकूं लागतात, कित्येक मिनिटें यंत्र आपल्याशींच पुटपुटत राहतें. आणि शेवटीं पडद्याच्या डाव्या कडेला त्याला दिलेलें नांव उमटतें.