‘क्वोटिडियन’ : रोजच्या भाकरीचा शब्द
(ज्युबिलीच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या दिवशीं सणाविषयीं बोलावें अशी रीत आहे. परंतु आम्ही आज रोजच्या दिवसाविषयीं दोन शब्द बोलूं इच्छितों. इंग्रजींत ‘क्वोटिडियन’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ रोजचा, नित्याचा. आणि त्यावरून सामान्य, ज्यांत विशेष असें कांहीं नाहीं तें.

शब्दाचें मूळ लॅटिन आहे. ‘क्वोट’ म्हणजे किती किंवा जितके, आणि ‘दिएस’ म्हणजे दिवस. संस्कृतांतील ‘कति’ आणि ‘दिवस’ हे त्यांचेच सगोत्र. तेव्हां हा परका शब्द आपला दूरचा आप्तच होय. चौदाव्या शतकाच्या सुमारास तो फ्रेंचांतून इंग्रजींत आला, तेव्हां रोज चढणाऱ्या तापालाही तो लावीत. आयुर्वेदांत त्याच तापाला ‘अन्येद्युष्क’ म्हटलें आहे.

आपल्या वाडवडिलांच्या कानीं मात्र हा शब्द प्रार्थनेंतून आला. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनें (१९६२–६५) लोकभाषांना वाट मोकळी करून देण्यापूर्वीं मिस्सेंत प्रभूची प्रार्थना लॅटिनमध्यें होई, आणि तींत भाकरीला हेंच विशेषण आहे. चौथ्या शतकांत संत जेरोम यांनीं शुभवर्तमानांचा लॅटिन पाठ सुधारिला. तेथें एकाच ग्रीक शब्दासाठीं लूकच्या शुभवर्तमानांत ‘रोजची’ असा शब्द आहे, तर मत्तयच्या शुभवर्तमानांत ‘सर्व द्रव्यांहून श्रेष्ठ’ अशा अर्थाचा. ताटांतली भाकर आणि वेदीवरची भाकर, दोन्ही एकाच शब्दांत सामावल्या!

सोलापुरांत हें समजावयास कोश नको. आपल्याकडे ‘रोज’ म्हणजे दिवस, आणि दिवसाची मजुरीही. विड्या वळणाऱ्या भगिनींना आणि मागावर चादरी विणणाऱ्या बंधूंना विचारा. रोज बुडाला कीं चूल थंड. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ सालीं भौगोलिक मानांकनाचा मान मिळाला; पण अवर्षणाच्या सालीं त्याच ज्वारीची अर्धी भाकरही मोलाची होते. ज्याची भाकर कधीं चुकली नाहीं, त्यालाच ती सामान्य वाटते.

म्हणून आमची विनंति एवढीच : आज आपल्या गल्लींत कोणाचा रोज बुडाला, याची चौकशी करूनच जेवावयास बसावें. त्या प्रार्थनेंत ‘माझी’ भाकर नाहीं, ‘आमची’ आहे.