वाळ्याचे तोरण

(मंडळाच्या दिवाळीपूर्व मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही जणींनी मुलांसाठी आरंभिलेल्या एका लहानशा उद्योगाविषयी चार शब्द सांगावेत, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. वाळा, नागरमोथा, लवंगा आणि वेलदोडे एवढेच या उद्योगाचे भांडवल.

महाराष्ट्रात दिवाळी येते ती पाऊस सरल्यावर, कोरड्या थंडीची चाहूल घेऊन. चेन्नईत मात्र याच सुमारास ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. गॅलरीत लावलेल्या कागदी कंदिलाचा लगदा होतो, दारातली रांगोळी वाहून जाते. मुलांची हिरमुसलेली तोंडे पाहून आम्हांस वाटले की, घरातच टांगता येईल असे काही करावे. वाळ्याचे वैशिष्ट्य असे की, ओलावा लागताच त्याचा गंध खुलतो. हवेचा जो दोष, तोच येथे उपयोगी पडला.

साहित्य मिळवण्यास श्रम नाहीत. मैलापूरला किंवा कुठल्याही पेठेत ‘नाट्टु मरुंदु कडै’, म्हणजे आपले काष्ठौषधींचे दुकान असते. तेथे वाळा ‘वेट्टिवेर’ म्हणून मागावा, नागरमोथा ‘कोरैक्किळंगु’ म्हणून. तमिळमध्ये ‘वेर’ म्हणजे मूळ. हाच शब्द पुढे इंग्रजीतही गेला.

कृती सोपी आहे. जुनी बांगडी घ्यावी, तिच्यावर वाळ्याची मुळे दोऱ्याने घट्ट गुंडाळावी. अशा पाच-सात बांगड्या एका दोरीत ओवल्या की तोरण झाले. मधल्या बांगडीत मलमलीची पुरचुंडी बांधावी; तीत नागरमोथा, कपूरकाचरी आणि थोडे चंदन जाडसर कुटून भरावे. वस्त्रगाळ पूड घातल्यास ती कापडातून झिरपते. लवंगा रात्रभर भिजवल्या म्हणजे सुईने ओवता येतात. प्रत्येक पाच लवंगांमागे एक वेलदोडा घातला की माळ शोभून दिसते. सुई मोठ्या मुलांच्याच हाती द्यावी आणि लवंगांचा हात डोळ्यांना लागू देऊ नये. कापूर लहानांपासून दूर ठेवावा, कारण तो पोटात गेल्यास विषारी ठरतो. सुका वाळा झटकन पेटतो, म्हणून तोरण पणतीपासून लांब बांधावे.

पहिल्या वर्षी आमची फजिती झाली, तीही सांगितली पाहिजे. वाळा मऊ व्हावा म्हणून आम्ही तो भिजवला आणि ओलाच गुंडाळून डब्यात भरून ठेवला. वसुबारसेला डबा उघडला तो सगळ्या तोरणांवर बुरशी! मुले रडली, आम्हीही ओशाळलो. तेव्हापासून नियम केला : वाळा आधी धुऊन उन्हात खडखडीत वाळवायचा, तोरण बांधून झाल्यावर पुन्हा पंख्याखाली ठेवायचे आणि सणाच्या सकाळी तेवढे पाणी शिंपडायचे.

आता या खटाटोपात आमचा खरा जीव कशात गुंतला आहे ते सांगतो. आमची मुले अंगणात तमिळ बोलतात, शाळेत इंग्रजी. मराठी बहुधा आमच्या रागावण्यापुरती उरते. आजीशी फोनवर बोलणे म्हणजे ‘बरी आहेस?’ आणि ‘हो’. आमच्यातल्या एका मुलीने आपले तोरण साताऱ्याला आजीकडे पाठवले. आजीने विचारले, “अगं, वाळा कुठून आणलास?” नात म्हणाली, “वाळा नाही आजी, वेट्टिवेर!” मग आजीने माठातल्या वाळ्याच्या जुडीची आणि घरी कुटलेल्या उटण्याची हकिगत सांगितली. नातीने सांगितले की, शेजारच्या मामी नलंगु मावात हाच वाळा आणि हाच नागरमोथा घालतात. त्या दिवशी दोघी पुष्कळ वेळ बोलल्या. आईने तो फोन मध्येच मागून घेतला नाही, हे तिचे शहाणपण.

हे ऐकल्यावर आम्ही एक केले. बांधताना प्रत्येक वस्तूचे नाव दोन्ही भाषांत म्हणायचे. दवणा म्हणजे मरिक्कोळुंदु, वेलदोडा म्हणजे एलक्काय. नाकाशी धरलेल्या वस्तूचे नाव मूल विसरत नाही, असा आमचा अनुभव आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण अभ्यंगस्नान करतो, त्याच पहाटे शेजारी तिळाच्या तेलाने न्हाऊन “गंगा स्नानम् आच्चा?” म्हणून विचारतात. त्यांच्या दारी मुलांनी एक तोरण नेऊन द्यावे, याहून सोपा फराळ कोणता?

मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी वर्षी प्रत्येक घरी एक तोरण लागावे, अशी आमची विनंती आहे. येताना जुन्या बांगड्या आणाव्या, आणि जमल्यास आजी-आजोबांनाही सोबत आणावे. वाळा आम्ही वाळवून ठेवलेला आहे.