चारच्या वेळचा कप

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, "मला भाषण येत नाही, चहा करता येतो." त्या म्हणाल्या, "मग चहावर बोला." आता गंमत अशी की मी ज्याविषयी बोलणार आहे त्यात चहाच नाही. तो फळांचा चहा. त्यात चहाची एक पत्तीही पडत नाही. पुष्कळजणी त्याला आजाऱ्याचे पेय समजून नाक मुरडतात. मीही मुरडत होते, म्हणूनच सांगायला उभी राहिले आहे.

चार वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंची झोप गेली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्या अंथरुणावर बसून असायच्या, मधूनच छातीत धडधडायचे. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या आणि शेवटी विचारले, "दिवसाला चहा किती होतो?" सासूबाई म्हणाल्या, "दोन कप." खरा आकडा सहा होता. तो मी सांगितला, आणि घरी येईपर्यंत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. दुपारी बारानंतर चहा बंद, असा हुकूम झाला.

त्यामागचे कारण डॉक्टरांनी समजावून दिले ते मला पटले. चहात कॅफिन असते. शरीरात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे उतरायलाच सर्वसाधारणपणे पाच तास लागतात. कोणाला कमी, कोणाला जास्त. म्हणजे पाचला घेतलेल्या चहाचा निम्मा अंमल रात्री दहाला उशाशी बसलेलाच असतो. त्याच्या आधीच्या कपांचे उरलेसुरले वेगळे.

महिनाभरात झोप बरीचशी परत आली. पण दुसरेच काहीतरी गेले होते, ते माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. आमच्याकडे चार वाजता सगळे बाहेरच्या खोलीत जमतात. शेजारच्या काकू येतात, मुले शाळेतून येतात, वर्तमानपत्राची पाने वाटली जातात. सासूबाई त्या वेळी मागच्या गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे घड्या घालत बसू लागल्या. मी त्यांना कोमट पाणी दिले, हळदीचे दूध दिले, एकदा तर बार्लीचे पाणी दिले. त्या निमूटपणे घेत आणि पुन्हा गॅलरीत जात. एके दिवशी काकूच मला म्हणाल्या, "अगं, सगळ्यांच्या हातात चहा आणि त्यांच्या हातात दूध. आम्ही सगळे त्यांना भेटायला आल्यासारखे वाटते." हे मला फार लागले.

मग मी खटपटीला लागले. माझे माहेर राजापूरकडचे, तेव्हा पहिले आठवले ते कोकम. आणि पहिल्याच दिवशी फजिती झाली. हाताला सवय कशी असते पाहा, पाणी उकळले, कोकम टाकले, साखर टाकली आणि ओतले त्यात दूध! जे काही तयार झाले ते मी कोणाला न दाखवता मोरीत ओतले. दुसऱ्या दिवशी दूध घातले नाही, तर तो चहा खारट लागला. सोलकढीत चालणारी आमसुले मी तशीच टाकली होती. कोकणात आमसूल करताना सालीला मीठ आणि कोकमाचाच रस यांची पुटे देऊन वाळवतात, हे मला जन्मापासून माहीत. पण चहा डोक्यात असला की माहीत असलेलेही आठवत नाही.

माझी चूक इथेच होत होती. मी चहाची नक्कल करू पाहत होते. तोच रंग, तोच कडकपणा, त्याच भांड्यात आणि तितक्याच वेळात. फळांना हे जमत नाही, आणि त्यांनी ते का जमवावे?

त्याच सुमारास माझी पुतणी जर्मनीहून आली. तिकडे घरोघर फळांचा चहा पितात, अगदी लहान मुलेसुद्धा. तिने एक खोका आणला होता. गरम पाण्यात पुडी सोडली आणि कपात असा लालबुंद रंग उतरला की मुले पाहायला धावली. पुतणीने खोक्यावरचे वाचून दाखवले : हिबिस्कस, सफरचंद, रानगुलाबाची फळे. सासूबाईंनी एक घोट घेतला, थांबल्या, आणखी एक घेतला, आणि त्यांची वऱ्हाडी बोली, जी एरवी पाहुण्यांपुढे त्या आवरून धरतात, ती एकदम बाहेर आली. "अवं, हे तं आपली अंबाडी हाय!"

आणि ती खरोखरच अंबाडी होती. जिच्या पानांची भाजी आपण ज्वारीच्या भाकरीशी खातो, तिचीच लाल जात. फूल गळून गेले की बोंडाभोवतीची दले जाड, रसाळ आणि लालभडक होतात. सासूबाई अकोल्याकडच्या. लहानपणी शेतात ही दले मिठाला लावून खाल्ल्याचे त्यांनी त्या दिवशी तासभर सांगितले, आणि तो तास त्या बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. इजिप्त आणि सुदानमध्ये हिचेच पेय 'करकडे' म्हणून गरम आणि गार दोन्ही पितात. आपल्या बांधावरची वस्तू आम्ही जर्मनीच्या खोक्यातून ओळखली, याचे मला हसूही आले आणि थोडी लाजही वाटली.

तेव्हापासून आमचा कारखाना सुरू झाला. दिवाळीनंतर गावाकडून बोंडे येतात. सासूबाई स्वतः बसून आतले हिरवे बोंड काढून टाकतात, लाल दले सावलीत कडकडीत वाळवतात आणि काचेच्या बरणीत भरतात. जरा ओल राहिली तर बुरशी येते, तेव्हा घाई करू नका. विकत घेणार असाल तर दले गडद लाल, अखंड आणि हाताला कडक लागणारी पाहून घ्या. तपकिरी पडलेली जुनी असतात. कोकम घ्याल तर दुकानदाराला स्पष्ट विचारून बिनमिठाची साल घ्या.

करण्याची रीत सोपी आहे, फक्त धीर पाहिजे. दोन कपांना पाच-सहा वाळलेली दले पुरतात. नुसती अंबाडी फार आंबट होते, म्हणून तिला गोड सोबतीण द्यावी. मी सफरचंदाच्या तीन-चार वाळवलेल्या चकत्या किंवा दोन सुकी बोरे ठेचून घालते आणि आल्याचा लहान तुकडा टाकते. पाणी खळखळून उकळले की त्यावर ओतायचे आणि झाकण ठेवून आठ-दहा मिनिटे तिकडे बघायचे नाही. चहाची पत्ती इतका वेळ ठेवली तर कडू-तुरट होते. वाळलेल्या फळाला मात्र फुगून रस सोडायला तेवढा वेळ हवाच. ज्यांना फळांचा चहा 'पाणचट' लागतो, त्यांनी बहुधा तो दोन मिनिटांत गाळलेला असतो. कोकमाची साल असेल तर दोन कपांना तीन साली, पाच मिनिटे मंद आचेवर, चिमूटभर जिरे आणि गाळल्यावर गूळ. बेलाच्या वाळलेल्या चकत्या आणखी कठीण, त्या दहा-पंधरा मिनिटे उकळाव्याच लागतात. संत्र्याची साल घालायची तर वरची नारिंगी तेवढी पातळ किसून घ्यावी, आतला पांढरा भाग कडू करतो. भांडे स्टीलचे किंवा काचेचे घ्या. कल्हई गेलेले पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे नको, आंबटाशी त्याचे जमत नाही.

बाजारचा खोका घेताना मात्र समोरचे चित्र पाहून फसू नका. पुढे पीचचे नाहीतर लिंबाचे चित्र असते आणि मागे बारीक अक्षरांत काळा किंवा हिरवा चहा लिहिलेला असतो. त्यात कॅफिन आलेच. 'माते' आणि 'ग्वाराना' ही नावे दिसली तरी तेच समजा. 'कॅफिन काढलेला चहा' म्हणजेही अगदी शून्य नव्हे, थोडे उरतेच. डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बजावले, की चहाच्या झाडापासून केलेल्या पदार्थालाच 'चहा' म्हणावे, फुलाफळांच्या पेयाला ते नाव लावू नये. विक्रेत्यांसाठी हे ठीकच आहे, फसगत टळेल. मी घरात मात्र चहाच म्हणते. काढा म्हटले की सासूबाई पुन्हा गॅलरीत जातील.

दोन गोष्टी डॉक्टरांच्या सांगण्यावरून. अंबाडीने रक्तदाब थोडा उतरतो. ज्या रक्तदाबाची गोळी घेतात त्यांनी आणि गरोदर बायकांनी आधी विचारावे आणि मगच घ्यावी. आणि ही पेये आंबट असतात, दिवसभर घोट घोट पीत बसले तर दातांवरचे कवच झिजते. एका बैठकीत कप संपवावा आणि वर साधे पाणी प्यावे.

सकाळचा चहा सासूबाईंनी सोडलेला नाही, मीही नाही. त्याच्यासारखा तोच. पण चारचा कप आता त्यांच्या अखत्यारीत आहे. अंबाडी किती, बोरे किती, हे मला विचारायची सोय नाही, आणि काकू आपल्या घरचा चहा टाकून त्यांच्या हातचा मागतात. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या एक बाई "मला चहा वर्ज्य आहे हो" म्हणत उठू लागल्या, तर सासूबाईंनी त्यांचा हात धरून बसवले आणि म्हणाल्या, "मलाही वर्ज्य आहे, बसा."

त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. मागच्या टेबलावर दोन मोठे थर्मास आहेत, त्यांतले पेय सकाळी त्यांनीच केले आहे. लाल झाकणाचा अंबाडीचा, हिरव्या झाकणाचा कोकमाचा. गूळ शेजारच्या वाटीत वेगळा ठेवला आहे. दूध मात्र मागू नका.