उद्योजकतेचा संस्कार आणि हिशेबाची वही



छत्रपती संभाजीनगरचा क्रांती चौक हा केवळ वाहतुकीचा चौक नव्हे. १८५७ साली हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातील सैनिकांनी या नगरीत इंग्रजांविरुद्ध बंड पुकारले आणि त्यांतील अनेकांना देहदंड सोसावा लागला. इथला काळा चबुतरा त्या बलिदानाची आठवण जागवीत आला आहे. याच चौकात शिवछत्रपतींचा भव्य अश्वारूढ पुतळा उभा असून त्याचे अनावरण फेब्रुवारी २०२२ मध्ये झाले. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी महाराजांनी स्वराज्याचा संकल्प केला, असे परंपरा सांगते. आजच्या हिशेबाने तो दहावीतला मुलगा. परंतु त्या संकल्पाआधी जिजाऊंच्या देखरेखीखाली पुण्याच्या उजाड जमिनीवर नांगर फिरला होता, पांगलेली रयत परत येऊन वसली होती. संकल्पाला कृतीची जमीन होती. शाळकरी मुलांच्या उद्योगकल्पनांच्या ज्या स्पर्धा आज जागोजागी भरतात, त्यांचा विचार करताना हे सूत्र डोळ्यांसमोर ठेवले पाहिजे.

या स्पर्धांचे स्वरूप आता बहुतेकांना परिचित आहे. मुले आपल्या उद्योगाची कल्पना पाचसात मिनिटांत परीक्षकांपुढे मांडतात. पडद्यावर चित्रे आणि आलेख झळकतात. परीक्षक प्रश्न विचारतात. शेवटी पारितोषिक दिले जाते. या मांडणीलाच ‘पिच’ म्हणतात. डिसेंबर २०२१ मध्ये ‘शार्क टँक इंडिया’ हा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर सुरू झाला आणि हा शब्द घराघरांत पोहोचला. ज्या मराठी घरात ‘धंदा’ हा शब्द काहीशा तुच्छतेने उच्चारला जात होता, त्या घरात जेवताना भांडवल, नफा आणि भागीदारी यांची चर्चा होऊ लागली. हे स्वागतार्हच आहे. नोकरी म्हणजे प्रतिष्ठा आणि व्यापार म्हणजे कमीपणा, ही समजूत जितक्या लवकर जाईल तितके बरे.

मात्र स्वागत करताना एक प्रश्न टाळता येणार नाही. मंचावर जे दिसते त्यात मुलाचे किती आणि पालकांचे किती? प्रतिकृती वडिलांनी करून घेतलेली, सादरीकरण शिकवणीच्या शिक्षकांनी बेतलेले आणि इंग्रजी वाक्ये आईने पाठ करून घेतलेली, असे असेल तर ती उद्योजकतेची नव्हे, पाठांतराची स्पर्धा ठरते. त्यात सर्वांत मोठा अन्याय होतो तो पैठण, गंगापूर, वैजापूरकडच्या खेड्यांतील मुलावर. तो सुट्टीच्या दिवशी आठवडी बाजारात वडिलांच्या शेजारी बसून भाजी विकतो. भाव कधी पाडायचा, माल कधी राखायचा, उधार कोणाला द्यायचे हे त्याला कळते. पण पडद्यासमोर उभे राहून इंग्रजीत बोलता येत नाही, म्हणून तो मागे राहतो. ज्याच्याजवळ खरा उद्योग आहे तोच पराभूत व्हावा, अशी परीक्षा काय कामाची?

मालेगाव तालुक्यातील शेतकरी कुटुंबातल्या कमलेश घुमरे या तरुणाची गोष्ट इथे लक्षात घेण्यासारखी आहे. पाठीवर पंप बांधून फवारणी करताना शेतकऱ्याची जी दमछाक होते, तिच्यावर उपाय म्हणून त्याने सायकलीसारखी ढकलत नेण्याची फवारणी गाडी तयार केली. २०२२ च्या प्रारंभी तो याच कार्यक्रमात गेला. त्याच्याजवळ ना सफाईदार इंग्रजी होते, ना झगमगीत सादरीकरण. होती ती अनेक वर्षे खपून केलेली वस्तू. त्याच्यासाठी मंचावर दहा लाखांचे भांडवल आणि वीस लाखांचे बिनव्याजी कर्ज असा प्रस्ताव आला. त्याची मांडणी प्रभावी ठरली, कारण ती कष्टांतून आलेली होती.

शालेय वयातले उदाहरण मुंबईच्या तिलक मेहता याचे. २०१८ मध्ये, तेराव्या वर्षी, त्याने त्याच दिवशी पार्सल पोहोचविणारी सेवा सुरू केली. नातेवाइकांच्या घरी पुस्तके विसरली आणि ती तातडीने आणण्याची स्वस्त सोय नाही, ही अडचण त्याला जाणवली होती. कौतुक त्याच्या कल्पनेचे झाले आणि ते योग्यच होते. पण ती कल्पना चालली कोणाच्या पायांवर? मुंबईच्या डबेवाल्यांच्या. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली पाया घातलेली, मावळच्या खेड्यांतून आलेल्या माणसांनी सव्वाशेहून अधिक वर्षे घाम गाळून उभी केलेली ही व्यवस्था. नवी कल्पना जुन्या समाजरचनेच्या खांद्यावर उभी राहते. मुलांना हे सांगितले, तर त्यांच्या मनात अहंकाराऐवजी कृतज्ञता रुजेल.

मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे वाक्य तर इतिहासाच्या अज्ञानातून आलेले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलीच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनविला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, अशा समजुतीने शेतकरी तो घेईनात. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. आज एखाद्या शाळकरी स्पर्धेत तो नांगर मांडला असता, तर ‘मागणी नाही’ असे म्हणून परीक्षकांनी बाद केला असता. लक्ष्मणराव मात्र खचले नाहीत. औंधच्या पंतप्रतिनिधींनी पाठबळ दिले आणि १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच काळात सामान्य माणसाकडून एकेक पैसा गोळा करणाऱ्या पैसा फंडातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. स्वदेशी ही त्या पिढीला घोषणा नव्हती. ती वस्तू करून दाखविण्याची जिद्द होती.

आज मुलांच्या हाताला काम देण्याच्या सोयी वाढल्या आहेत. केंद्र सरकारच्या अटल इनोव्हेशन मिशनने सहावी ते बारावीच्या मुलांसाठी देशभर दहा हजारांहून अधिक ‘अटल टिंकरिंग लॅब’ उभारल्या असून पाच वर्षांत आणखी पन्नास हजार प्रयोगशाळा सरकारी शाळांत काढण्याची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसायशिक्षण आणि दहा दिवस दप्तराविना शाळा, असा विचार मांडला. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०२१ पासून अकरावी-बारावीच्या मुलांना उद्योगासाठी प्रत्येकी दोन हजार रुपयांचे बीजभांडवल देण्याचा उपक्रम झाला. त्यातले खरे शिक्षण पैसे मिळण्यात नाही. त्या दोन हजारांचा हिशेब देण्यात आहे.

कायद्याची बाजूही पालकांनी समजून घ्यावी. १८७२ च्या करार कायद्यानुसार अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलाला करार करता येत नाही. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने अज्ञानाचा करार मुळातच निरर्थक ठरविला. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार सर्व भागीदारांच्या संमतीने त्याला नफ्यात वाटा देता येतो, पण तो पूर्ण भागीदार होत नाही. दहा वर्षांवरील मुलाला स्वतःचे बचत खाते स्वतः चालविण्याची मुभा देण्यास रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना परवानगी दिली. मर्यादा प्रत्येक बँकेने ठरवायच्या. तात्पर्य, मुलाने कल्पना आणावी, कष्ट करावेत, खाते सांभाळावे. सहीची आणि जोखमीची जबाबदारी मोठ्यांची. समाजाने मुलाला मोकळीक द्यावी, त्याच्यावर कर्जाचे ओझे टाकू नये.

मराठवाड्यासाठी या विषयाला विशेष महत्त्व आहे. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या भोवती सुटे भाग पुरविणारे शेकडो लघुउद्योग वाढले. आज शेंद्रा-बिडकीनला ‘ऑरिक’ ही औद्योगिक नगरी उभी राहत आहे. ‘मॅजिक’सारखी संस्था नवउद्योजकांना मार्गदर्शन करीत आहे. जमीन आपली, पाणी आपले. मग या वसाहतींत मराठवाड्याची मुले केवळ कंत्राटी कामगार म्हणून दारात उभी राहणार का? की गावच्या डाळीला, मोसंबीला, पैठणी आणि हिमरूला बाजारपेठ मिळवून देणारे मालक होणार? याचे उत्तर कारखान्यांत नाही. ते आठवी-नववीच्या वर्गात आणि आपल्या घरात ठरणार आहे.

उद्योग म्हणजे केवळ नफा, असेही मुलांच्या मनावर ठसू नये. याच नगरीत १९८९ साली काही तरुण डॉक्टरांनी एकत्र येऊन डॉ. हेडगेवार रुग्णालय सुरू केले. गरिबाला परवडेल असे उत्तम उपचार, ही त्यांची कल्पना. त्यातही भांडवल लागले, हिशेब चोख ठेवावा लागला, चिकाटी लागली. समाजाची गरज ओळखून ती शिस्तीने भागविणे हा उद्योजकतेचा आत्मा आहे. नफा हे त्या कामाचे इंधन आहे.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या शाळांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली, मंचावर येण्यापूर्वी मुलाने आपली वस्तू किंवा सेवा किमान एका अनोळखी माणसाला विकलेली असावी. आत्या आणि मावशी यांनी घेतलेले नग त्यात धरू नयेत. दुसरी, परीक्षकांनी भाषणाआधी हिशेबाची वही पाहावी : कच्चा माल कितीला आणला, किती वेळ लागला, किती विकले, किती वाया गेले. तोटा झाला असेल आणि तो मुलाने प्रामाणिकपणे लिहिला असेल, तर त्याला गुण मिळावेत. तिसरी, मांडणी मराठीतून करण्याची पूर्ण मोकळीक असावी. गिऱ्हाइकाशी ज्या भाषेत सौदा होतो, त्या भाषेत पारितोषिकही मिळाले पाहिजे.

घरातले काम याहून सोपे आणि अधिक कठीण आहे. दिवाळीत मुलाला पाचशे रुपये द्यावेत. त्याने उटणे, पणत्या वा आकाशकंदील करावेत आणि चार गल्ल्या फिरून विकावेत. कोणी दार लावून घेतले तर घेऊ द्यावे. निम्मा माल उरला तर आई-वडिलांनी तो गुपचूप विकत घेऊन मुलाची समजूत घालू नये. उरलेल्या मालासमोर बसून, पुढच्या वर्षी काय वेगळे करायचे, एवढेच त्याला विचारावे. पाचशे रुपयांचा तोटा मुलाने चौदाव्या वर्षी पचविला, तर पुढे पाच लाखांच्या जोखमीपुढे त्याचा हात थरथरणार नाही.