पाळी, थायरॉइड आणि कॉफी

तमिळनाडूतल्या तंजावूरच्या राजवाड्यात दुसऱ्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महाल उभारला. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक, चारही वाटांचे जाणकार तिथे औषधं पारखत. राजांना स्वतःला डोळ्यांच्या आजारांत विशेष रस; डोळ्यांच्या चित्रांसह केलेल्या रुग्णांच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. पण बाईची पाळी आणि गळ्यातली थायरॉइड ग्रंथी यांचं नातं उलगडेल असं साधन तेव्हा जगात कुणाकडेच नव्हतं. राजे १८३२ मध्ये गेले. या ग्रंथीतलं थायरॉक्सिन हे संप्रेरक वेगळं काढलं गेलं ते थेट १९१४ मध्ये!

आता थायरॉइडचं काम दाखवणारी टीएसएच ही साधी रक्ततपासणी झाली आहे. तरी अंगावरून जास्त जाऊ लागलं की ‘उष्णता वाढली’ किंवा ‘वयच झालं’ एवढ्यावर विषय मिटतो.

थायरॉइड ग्रंथी मंदावली की तिला जागं करायला मेंदूतून टीआरएच हे संप्रेरक अधिक सुटतं. त्याने टीएसएच वाढतं, आणि सोबत कधी कधी प्रोलॅक्टिनही. प्रोलॅक्टिन म्हणजे बाळंतिणीला दूध आणणारं संप्रेरक. ते चढलं की बीजकोशाकडे जाणारे संदेश दबतात, बीज वेळेवर सुटत नाही, पाळी पुढे जाते. बीजच सुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन पुरेसं तयार होत नाही; गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि मग एकदम ढासळतं. कुणाची पाळी लांबते, कुणाला रक्तस्राव आवरत नाही, ते यामुळे. ग्रंथी अति काम करत असेल, तर बहुधा उलटं: पाळी विरळ, जाणं कमी, सोबत छातीत धडधड आणि उतरणारं वजन.

हे बदल लक्षात यावेत म्हणून पाळीच्या तारखा लिहून ठेवाव्यात, असं डॉक्टर सांगतात. तमिळनाडूतल्या अनेक घरांत मात्र रोज पान फाडायचं कॅलेंडर. खूण केलेली तारीख दुसऱ्या दिवशी केरात! त्यापेक्षा वही बरी.

खरी गफलत पुढे होते. फार रक्त गेलेल्या बाईला लोहाची गोळी मिळते, थायरॉइडची गोळीही सुरू होते, आणि सोयीचं म्हणून दोन्ही सकाळी एका घोटात जातात. लोह आतड्यात गोळीतल्या थायरॉक्सिनला धरून ठेवतं आणि डोस पुरेसा असूनही कमी पडतो. कॅल्शियमही तेच करतं. म्हणून या गोळ्यांत चार तासांचं अंतर हवं.

कॉफीनेही शोषण घटतं. तंजावूरशेजारच्या कुंभकोणमची डिग्री कॉफी जिथे दिवसाची सुरुवात करते, तिथे हे सांगणं जिवावर येतं. पण थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यायची आणि कॉफीचा डबरा-टंबलर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, लांब ठेवायचा. टीएसएच पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी तपासतात. ते जागेवर येऊनही अंगावरून जास्त जाणं थांबलं नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञ सोनोग्राफी करून गर्भाशयातल्या गाठी किंवा इतर कारणं शोधतात.